जगाचं पोट भरण्यात छोट्या शेतीचा वाटा नेमका किती?

‘जगातलं ७० टक्के अन्न छोटे शेतकरी पिकवतात.’ शेतीवरच्या परिषदांत, संस्थांच्या पत्रकांत, समाजमाध्यमांवर हे वाक्य हमखास भेटतं. कधी आकडा ७० असतो, कधी ८०. ऐकायला बरं वाटतं, टाळ्याही मिळतात. छोटा म्हणजे किती छोटा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

विचारलं की आकडा डळमळतो. ७० टक्क्यांचा दावा साधारण २००९ पासून फिरू लागला. ज्या मांडणीतून तो आला तिच्यात शेतकऱ्यांबरोबर मच्छीमार, पशुपालक, जंगलातून अन्न गोळा करणारे, शहरात परसबाग करणारे असे सगळेच धरलेले होते. ८० टक्क्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा. २०१४ हे कौटुंबिक शेतीचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हाच्या अहवालातला. पण तो कौटुंबिक शेतीचा आहे, छोट्या शेतीचा नव्हे. अमेरिकेतली ९५ टक्क्यांहून जास्त शेतं कौटुंबिकच आहेत, आणि त्यांत हजार हेक्टरवर मका-सोयाबीन करणारं कुटुंबही येतं. बाप-लेक मिळून सगळं सांभाळतात, दिमतीला लाखो डॉलरची यंत्रं. त्याला अल्पभूधारक कोण म्हणेल?

आंतरराष्ट्रीय अभ्यासांत अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, साधारण पाच एकर, अशी मोजपट्टी वापरतात. ती लावली तर जगातल्या सुमारे ६१ कोटी शेतांपैकी ८४ टक्के शेतं या मापात बसतात. म्हणजे जगातली बहुतेक शेतं छोटीच. पण अन्नातला त्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास भरतो. २०१८ साली ५५ देशांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात तो ३० ते ३४ टक्के निघाला, २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ३५ टक्के. एवढं अन्न किती जमिनीवर पिकतं, यावर मात्र दोघांचं जमत नाही. एक म्हणतो २४ टक्के जमीन, दुसरा म्हणतो १२. हिशेबाची पद्धत वेगळी असल्याने हा फरक पडतो. काहीही धरलं तरी जमिनीच्या वाट्यापेक्षा अन्नाचा वाटा मोठा आहे.

शिवाय ही जगाची सरासरी झाली. उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तीन चतुर्थांशांहून जास्त अन्न ५० हेक्टरपेक्षा मोठ्या शेतांतून येतं. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, चीन आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा आफ्रिका इथे चित्र उलटं, बहुतेक अन्न २० हेक्टरच्या आतल्या शेतांतून. आणि जगातली भूक मुख्यतः कुठे आहे? याच दुसऱ्या यादीत.

एक तृतीयांश हा आकडा लहान नाही. पण तो सत्तर नसून तीस-पस्तीस आहे म्हटल्यावर काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: मग छोटी शेती हवी कशाला, सगळं मोठ्या शेतांवर पिकवा आणि वाटा. इथे अन्नसुरक्षा म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं, कारण टनांचा हिशेब हा तिचा एक छोटा भाग आहे.

१९९६ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद झाली. तिथे ठरलेल्या व्याख्येचा मथितार्थ असा: प्रत्येक माणसाला, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे. तज्ज्ञ याचे चार भाग करतात. अन्न असलं पाहिजे. ते मिळवायची ऐपत पाहिजे. खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे, म्हणजे पाणी स्वच्छ हवं, आहारात विविधता हवी, जुलाबांनी हैराण झालेलं पोट नको. आणि चौथं, हे सगळं बाराही महिने टिकलं पाहिजे. टनांचा हिशेब यातल्या फक्त पहिल्या भागाला लागू पडतो.

ऐपतीचा मुद्दा समजायला १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहावा. वीस ते तीस लाख माणसं मेली. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे आकडे तपासले तेव्हा त्यांना दिसलं की त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त पाचेक टक्क्यांनी कमी होतं, आणि १९४१ पेक्षा तर जास्तच होतं. काही अभ्यासकांना हे आकडे मान्य नाहीत, पीक त्याहून जास्त बुडालं होतं असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवू. कोण मेलं आणि कोण तगलं ते पाहू. युद्धाच्या धामधुमीत तांदळाचे भाव भडकले आणि मजुरी तिथेच राहिली. शेतमजूर आणि मच्छीमार सगळ्यांत आधी उघड्यावर आले, कारण त्यांच्या हातात पैसा यायचा आणि त्या पैशात तांदूळ येईना. बटाईने जमीन कसणारे तुलनेने बरे तगले. तेही गरीबच, मजुरांपेक्षा फार वेगळे नव्हेत. पण त्यांचा वाटा भाताच्या रूपात घरी यायचा. बाजारात भाव कितीही चढो, कणगीतलं भात तेवढंच पोट भरायचं.

छोट्या शेतीची खरी ताकद ही. ज्याच्या घरात दाणा पिकतो त्याचं बाजाराशी नातं थोडं सैल असतं. बाजार वेडावाकडा वागला तरी काही महिने निघतात.

काही महिने. सगळे नाहीत, आणि इथे गोष्ट फिरते. एफएओच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक अर्धपोटी होते. त्यांतले बहुसंख्य खेड्यांत राहतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे. अन्न पिकवणाराच उपाशी, हे कोडं वाटेल, पण हिशेब सरळ आहे. एक-दीड एकरात कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढं पिकत नाही. म्हणजे बहुतेक छोटे शेतकरी जेवढं धान्य विकतात त्यापेक्षा जास्त विकत घेतात. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले तेव्हा अनेकांना वाटलं, चला, शेतकऱ्याचे दिवस आले. मोठ्या शेतकऱ्याचे आलेही असतील. छोट्याला मात्र त्या भावाने पुढच्या हंगामापर्यंतचं धान्य घ्यावं लागलं.

त्याहून वाईट म्हणजे तो विकतो स्वस्तात आणि घेतो महागात. सुगीला सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, भाव पडतात. थांबावं म्हटलं तर उधारी फेडायची असते, मुलांची फी भरायची असते, घरात कुणाचं आजारपण असतं. म्हणून माल निघतो. पाच-सहा महिन्यांनी कणगीचा तळ दिसू लागतो आणि तोच शेतकरी तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो. नवं पीक यायच्या आधीचे हे तुटीचे महिने. जगातल्या कोरडवाहू पट्ट्यांत सगळीकडे ते असतात, आणि नेमके याच वेळी पेरणी-खुरपणीचं जड काम असतं. अंगात ताकद हवी तेव्हा ताटात कमी.

पश्चिम केनियात मक्याच्या बाबतीत हे बारकाईने तपासलं गेलंय. सुगीनंतर काही महिन्यांत भाव २५ ते ४० टक्क्यांनी चढणं तिथे नेहमीचं. एवढा नफा समोर दिसत असताना शेतकरी माल का ठेवत नाहीत? संशोधकांनी काही शेतकऱ्यांना ऐन सुगीत छोटं कर्ज देऊन पाहिलं. पेरणीला कर्ज देतात तसं नाही, कापणीला. ज्यांना ते मिळालं त्यांनी मका लगेच न विकता साठवला, पुढे भाव आल्यावर विकला आणि व्याज देऊनही चार पैसे गाठीला बांधले. ज्या भागांत बऱ्याच जणांना कर्ज मिळालं तिथे तर बाजारभावाचे चढउतारच थोडे सपाट झाले, त्यामुळे कर्ज न घेतलेल्यांनाही फायदा पोचला. शेताचा आकार तोच, बियाणं तेच, पाऊस तोच. बदलली फक्त पैसा हातात येण्याची वेळ.

साठवायचं म्हटलं की कीड आलीच. चवळीचं उदाहरण घ्या. पश्चिम आफ्रिकेत चवळी हे गरिबाचं प्रथिन. तिला लागणारा भुंगेरा दाण्यावर अंडी घालतो, अळी आत शिरते, आतून दाणा पोखरत वाढते आणि पूर्ण वाढ झाली की गोल भोक पाडून बाहेर येते. महिनाभरात पुढची पिढी तयार. चार-सहा महिन्यांत पोत्यात उरतं ते भुसकट. हे माहीत असल्यामुळे शेतकरी चवळी सुगीतच फुंकून टाकतो किंवा दाण्यांवर भलतंसलतं विषारी औषध मारतो आणि तेच पुढे घरात शिजतं.

यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या आणि तिथल्या स्थानिक संशोधकांनी एक उपाय काढला, तीन पदरी पिशवीचा. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. दाणे वाळवून आत भरायचे, हवा दाबून काढायची आणि प्रत्येक पदराचं तोंड वेगळं करकचून बांधायचं. औषध काहीच नाही. आत अडकलेले किडे उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात आणि नवा आत येत नाही. गंमत अशी की ते मरतात ते मुख्यतः तहानेने. कोरड्या दाण्यात पाणी नसतं. हे किडे खाल्लेल्या अन्नातून, प्राणवायूच्या मदतीने, शरीरातच पाणी बनवतात. प्राणवायू संपला की पाणी बनणं थांबतं आणि किडा वाळून जातो. भोक पडलेली पिशवी अर्थातच कुचकामी. उंदरांनी कुरतडली की मामला संपला.

कर्ज आणि पिशवी यांवर इतका वेळ घालवला, कारण छोट्या शेतीबद्दलच्या चर्चा सहसा बांधाच्या आतच अडकतात: कोणतं बियाणं, कोणतं खत, एकरी किती क्विंटल. भुकेचा बराचसा भाग कापणीनंतर घडतो.

आता एकरी उत्पादनाबद्दल, कारण तो वाद जुना आहे आणि अजून पेटलेला आहे. छोट्या शेतात एकरी उत्पादन मोठ्या शेतापेक्षा जास्त येतं, असं निरीक्षण भारतातल्या १९५० च्या दशकातल्या पाहण्यांवरून सेन यांनीच १९६२ मध्ये मांडलं. पुढे अनेक देशांत ते दिसलं. कारण समजायला सोपं आहे. मोठा शेतकरी मजूर लावतो, आणि जिथे मजुरी भरून निघत नाही तिथे काम थांबवतो. छोट्या शेतात घरचीच माणसं राबतात. त्यांच्यावर देखरेख लागत नाही, त्यांच्या तासांचा हिशेब कुणी ठेवत नाही. बांधावर भोपळ्याचा वेल, दोन ओळींत कडधान्य, शेणखताची पाटी डोक्यावरून, असा एकेक वीत उपयोगात येतो.

हल्ली या निष्कर्षावर शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. पूर्वीचे बरेच आकडे शेतकऱ्याच्या सांगण्यावर बेतलेले होते. इथिओपिया आणि युगांडात संशोधकांनी पिकाचा नेमका चौकोन कापून, वजन करून पाहिलं, तेव्हा छोट्या-मोठ्यातला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. छोट्या तुकड्यावरचं उत्पादन सांगताना लोक वाढवून सांगत होते, बहुधा नकळत. मला या वादात फारसं हशील वाटत नाही. समजा फरक खरा असला, तरी एकरी जास्त म्हणजे माणशी जास्त नव्हे. दुसरं काम मिळत नाही म्हणून चौघं जण एका एकरावर राबतात आणि त्यातून चार पोती जास्त निघतात, याला कार्यक्षमता म्हणायचं की नाइलाज, हे त्या चौघांनाच विचारावं.

आहाराच्या विविधतेबाबत छोट्या शेतीची बाजू जास्त भक्कम आहे. माणूस वनस्पतींपासून जेवढ्या कॅलरी मिळवतो त्यातल्या निम्म्याहून जास्त तांदूळ, गहू आणि मका या तिघांतून येतात. मोठ्या यंत्रांना एकसारखं पीक हवं असतं, म्हणून मोठी शेतं धान्यं, तेलबिया आणि साखरेकडे झुकतात. जगभरच्या आकडेवारीवरून २०१७ मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की शेतांचा आकार वाढत जातो तशी त्या भागातल्या पिकांची आणि पोषकद्रव्यांची विविधता घटत जाते. जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं मुख्यतः छोट्या-मध्यम शेतांच्या पट्ट्यांतून येतात.

यावरून ‘प्रत्येकाने आपल्या शेतात दहा पिकं घ्यावीत’ असा सल्ला देणारे बरेच आहेत. मलाही तो पटायचा, पण इंडोनेशिया, केनिया, इथिओपिया आणि मलावी इथल्या घरांची माहिती वेगळं सांगते. घरचा आहार सुधारायला शेतात एक पीक वाढवण्यापेक्षा जवळचा चालता बाजार जास्त कामाला येतो. विविधता गावच्या शिवारात हवी आणि बाजारात हवी. प्रत्येक तुकड्यात हवीच असं नाही.

नुसतं छोटं असून भागत नाही, याचा सगळ्यांत क्रूर पुरावा आयर्लंडचा. १८४५ च्या आधी तिथली लाखो कुटुंबं अगदी लहान तुकड्यांवर जगत होती. जमीन जमीनदाराची, खंड पैशात किंवा मजुरी करून फेडायचा. उरलेल्या इवल्या जागेत पोट भरेल असं एकच पीक होतं, बटाटा. त्यातही बहुतेकांचं वाण एकच. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे प्रत्येक झाड आधीच्याची हुबेहूब नक्कल. करपा आला तेव्हा अडवणारं काहीच नव्हतं. काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडकडे धान्याची जहाजं जातच होती.

याउलट जिथे जमिनीवर हक्क मिळाला तिथे त्याच इवल्या तुकड्यांनी कमाल केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने जमीन सुधारणा केल्या. आधी जवळपास ४६ टक्के जमीन कुळं कसत होती, नंतर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं. तैवानने १९४९ मध्ये खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधून टाकला आणि १९५३ मध्ये कसेल त्याला जमीन दिली. चीनमधली गोष्ट जास्त नाट्यमय आहे. १९७८ च्या शेवटी आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावातल्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप कागद केला: सामूहिक जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरेल ते आपलं. पकडले गेलो तर तुरुंग, हे ठाऊक असून. पुढे सरकारनेच ती पद्धत देशभर उचलली. देशाचं धान्य उत्पादन १९७८ मध्ये ३०.५ कोटी टन होतं, १९८४ मध्ये ते ४०.७ कोटी टनांवर गेलं. सगळं श्रेय घरगुती शेतीला देता येणार नाही. १९७९ मध्ये सरकारी खरेदीचे भाव वाढले होते, खतं आणि संकरित भातही पसरत होता. व्हिएतनामनेही १९८८ मध्ये जमीन अशीच घराघरांकडे कसायला सोपवली आणि पुढच्याच वर्षी तांदूळ आयात करणारा हा देश मोठा निर्यातदार बनला.

आणि श्रीलंका. २०२१ च्या एप्रिलअखेर सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद करायचं ठरवलं. छोट्या शेतकऱ्यांचा देश, नैसर्गिक शेती करेल, असा विचार. तयारी शून्य, पर्यायी खत पुरेसं नाही. भाताचं पीक कोसळलं, तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तो बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. छोटी शेती म्हणजे आपोआप बिनखताची शेती, हा शहरातल्या माणसाचा लाडका गैरसमज आहे.

बायकांचा मुद्दा थोडक्यात, कारण आकडा पुरेसा बोलका आहे. एफएओच्या २०२३ च्या अहवालानुसार तेवढ्याच आकाराच्या शेतात बायकांकडे कारभार असेल तर उत्पादकता २४ टक्क्यांनी कमी भरते. कारणं: मजूर कमी, कर्ज कमी, खत-बियाणं कमी, कृषी खात्याचा माणूस बोलतो घरातल्या पुरुषाशी.

आता तुकड्यांचं पुढे काय? पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन काही देशांत शेतं अर्ध्या हेक्टरच्याही खाली आलीत. त्यावर घर चालत नाही, म्हणून शेताबाहेरची कमाई हवीच, आणि काही जणांनी शेती सोडणंही अटळ आहे. त्यात वाईट काही नाही. पण जे राहतात त्यांच्यासाठी तुकडा मोठा करणं हा एकच मार्ग नाही. दुधाचं पाहा. दोन जनावरांचं दूध काही तासांत नासतं, तेवढ्यासाठी शीतकरणाची सोय कुणी करणार नाही. भारतात १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेत गोठा दोन जनावरांचाच राहिला. संकलन, फॅट तपासणी, थंड टाक्या आणि विक्री एवढं सहकारी संघांनी मोठ्या प्रमाणावर केलं.

चीनमध्ये यंत्रांचं तसंच झालं. सरासरी शेत एक हेक्टरही नाही, कापणी यंत्र विकत घेणं कुणालाच परवडणार नाही. मे महिन्याच्या अखेरीस गहू दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकत जातो, तसे यंत्रवाल्यांचे तांडे त्याच्या मागोमाग निघतात. गावोगाव थांबून, भाड्याने शेतं कापत, आठवडेच्या आठवडे. तरुण मुलं शहरात कामाला, शेतावर म्हातारा-म्हातारी. ते फोन करतात, यंत्र येतं, तासाभरात तुकडा मोकळा. गव्हा-भाताला हे जमलं. भाजीपाला आणि फळं बहुतेक ठिकाणी अजून हातानेच तोडावी लागतात, आणि जगाच्या ताटात नेमकी तीच कमी पडताहेत. शेतावरची माणसं म्हातारी होत चालली असताना ती कोण तोडणार, यावर धड तोडगा अजून कुठल्याच देशाला सापडलेला नाही.